टू-एच

अण्णांच्या खिशाला कायम दोन पेन्सिली.
एचबी हिशेबाला,
टू-एच नकाशाला.
गिरणी बंद पडली तेव्हा ड्रॉइंग सेक्शनातून
त्यांनी घरी आणलं ते एवढंच,
आणि एक लाकडी टी-स्क्वेअर,
ज्यानं आई पुढे माळ्यावरचे डबे खाली ओढायची.

मग नगर निगमसमोर स्टुलावर बसून
दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे.
कुणाचा जिना, कुणाची मोरी.
आम्ही रामबागेत, दोन खोल्यांत,
भाड्याच्या.

बारावीनंतरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म आला
त्या सकाळी पोहे तसेच निवत राहिले.
अण्णांनी कागद टेबलावर सरळ केला,
चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या
आणि ‘पुढे काय शिकणार’च्या चौकोनात लिहिलं
बी. एस्सी., मग बी. एड.
टू-एचनं. अगदी फिकं.
म्हणाले, “शाई तू भर.”

हेरंबनं भरली होती तीन वर्षांआधी,
त्यांच्याच अक्षरांवरून, वळण न सोडता.
तो आता देवासला बँकेत आहे, सुखात आहे,
रविवारी पोहायला जातो, पोरीला सायकल शिकवतो.
हे मी मुद्दाम सांगते आहे.
कुणाला वाटायला नको
की गिरवणारे सगळे दुःखी असतात.

महूच्या यादीत माझं नाव होतं, चाळिसावं.
फक्त आईला ठाऊक.
मी खोडरबर मागितलं.

क्षणभर घरात नुसता स्टोव्हचा आवाज.
मामा म्हणाला, शेणात हात घालायला शिकवली का हिला?
समोरच्या चौरसियाकाकू, “ढोर-डॉक्टर बनेगी, बिटिया?”
आणि हसत हसत शेवेची पुडी ठेवून गेल्या.
अण्णांनी खिसा चाचपला.
स्वतःचंच दिलं,
एका बाजूनं झिजलेलं.

मी खोडलं. निळ्या शाईत लिहिलं.
पण टू-एचचं असं असतं,
रंग फिका, ओरखडा खोल.
कागद उजेडाकडे तिरपा धरला
की माझ्या अक्षरांखाली त्यांची अक्षरं,
आणि ‘पशुवैद्यक’मधला ‘शु’
त्यांच्या ‘एड’च्या खाचेत अडखळून
जरा वाकडा आलेला.

सरवट्याहून महूची बस सहा वीसला.
पहिल्याच वर्षी दोन विषय राहिले.
घरी कुणी काही बोललं नाही.
ते न बोलणं
मी पाच वर्षं डब्यातून नेलं.
म्हशीनं लाथ घातली, मनगट मोडलं,
तेव्हा मलाही दिसायचं ते सगळं,
शाळा, खडू, दुपारची सुट्टी.
एकदा नाही. पुष्कळदा.

सांवेरला माझ्याकडे अण्णा आले ते एकदाच.
रात्री बाराला दारात माणूस,
गाय अडली आहे, वासरू आडवं.
अण्णा म्हणाले, मी येतो.
चप्पल घालताना पुन्हा म्हणाले, येतो मी.

गोठ्यात बॅटरी धरून उभे राहिले
बोर्डावर वाकायचे तसे,
एक डोळा बारीक करून.
माझा हात खांद्यापर्यंत आत,
बोटांना एक खूर,
मग काहीच नाही,
मग कान.
दीड तास.
आयुष्यात कधी गाय व्यायलेली न पाहिलेला माणूस
मध्येच म्हणाला,
“थोडं डावीकडे घे.”

चूक होतं.
डोकं उजवीकडे होतं, मी उजवीकडूनच वळवलं.
पण उजेड
जिथं हवा होता तिथंच होता,
दीड तास, केसभरही न हलता.

वासरू उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं.
रजिस्टरात वेळ लिहायला मी पेन शोधत होते,
हात तसेच बरबटलेले.
त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं,
घड्याळ पाहिलं, मला विचारलं,
“किती लिहू?”
आणि लिहिलं,
एचबीनं.