घोंगडीचा हिशेब

मास्तर, लढाईचं मला विचारू नका.
बोयाकाच्या पुलावर म्हणे दोन तासांत सगळं आटपलं.
दोन तासांत माझ्या कढईतली लोकर
रंगसुद्धा धरत नाही.

मी सांगते ते त्याआधीचं.
जुलैतला रविवार. पाद्रीबाबांनी प्रार्थना मध्येच थांबवली,
दाराला आडणा घातला, म्हणाले,
पठारावरून आपली माणसं उतरतायत. उघडी.

बराच वेळ कुणी हललं नाही.
मग एदुविखेसनं शालीची गाठ सोडली.
तीच ती, मिठाचा खडा मोजून उसना देणारी.
मग सगळं चर्च खसखसलं.
आम्ही बायका परकरावर घरी गेलो,
हात छातीशी, नजर खाली.
तरी दिसलंच
कुणाच्या पाठीवर कसले वळ आहेत ते.

आले. उन्हाच्या मुलखातले घोडेवाले,
घोडे वरच गोठलेले.
एक पोरगं माझ्या उंबऱ्याशी बसलं.
दात नव्हे, त्याची हाडं वाजत होती.
नाव नेपोमुसेनो. आडनाव सांगायला जीभ वळेना.
त्याला माझी लग्नातली घोंगडी दिली.
चार मेंढ्यांची लोकर, काळा काठ,
एका कोपऱ्यात आडवा धागा चुकलेला.
आंधळी झाले तरी मला तो कोपरा सापडेल.

वार्गासच्या दलदलीत ते बायकांच्या झग्यांवर
पट्टे कसून लढले.
राजाचे शिपाई आधी हसले असतील.
पाऊस होता त्या दिवशी, एवढं मला ठाऊक आहे,
कारण जखमींच्या कोठारात मी गेले तेव्हा
ओल्या लोकरीचा वास
दोन्ही बाजूंच्या माणसांना एकच येत होता.

पोराला शोधायला? नाही हो.
घोंगडी शोधायला. खोटं कशाला बोलू.
कोपरे चाचपत फिरले,
शेवटच्या रांगेत सापडली.
आत नेपोमुसेनो नव्हता.
राजाचा शिपाई होता, मांडी फुटलेला,
आणि मी ओढली तेव्हा त्यानं शिवी हासडली ती
आमच्याच खोऱ्यातली, माझा बाप द्यायचा तशी.
मी कोपरा धरला. त्यानंही धरला.

किती वेळ, ते विचारू नका.

पुढे पूल, पुढे राजधानी, पुढे घंटा.
मिठावरचा कर तोच राहिला,
पावतीवरचा शिक्का तेवढा बदलला.
दिलेल्या कपड्यांची भरपाई मिळेल म्हणाले,
कारकुनानं यादीही केली.
सतरा वर्षं ते घोंगडं भिजतंच आहे.

तुम्ही लिहायलाच बसलात तर लिहा:
त्रान्सितो चापार्रो, विणकरीण.
घोंगडी एक.
कुणाला दिली, या रकान्यात
दोन नावांची जागा ठेवा.
दुसरं मी विचारलं नाही.