अठ्ठ्याहत्तर किलो

रुस्तावीच्या बंद पोलाद कारखान्यामागे,
तळघरातल्या माझ्या व्यायामशाळेत
नानुली आली तेव्हा बासष्टची होती.
"किती उचलायचंय?"
"अठ्ठ्याहत्तर."
इतका नेमका आकडा
कोणी सांगत नाही.

वालिको न्हाणीघरात पडला होता.
शेजारी कामावरून येईपर्यंत
दोघं ओल्या फरशीवर बसून राहिले,
एका टॉवेलात.

मग पावाला सुट्टी. चीजला अर्धीच,
शेवटी आम्ही जॉर्जियन.
उकडलेला राजमा, अंडी, दही.
मोकळ्या दांड्यापासून सुरुवात.
"पाठीनं नाही, मांड्यांनी!" मी ओरडायचो.
"पाठीनं तर घर उचललंय आजवर," ती.

चाळीस. पंचावन्न.
हिवाळाभर साठावरच अडली.
तळहातांना घट्टे, मला शिव्या.

मार्चमध्ये अठ्ठ्याहत्तरनं जमीन सोडली.
मी टाळी वाजवली. तिनं नाही.
"तो एकसष्टवर आलाय," म्हणाली,
आणि खडूनं माखलेले हात
स्वेटरला पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर.
उचलणं पुरे आता, म्हणाली,
खाली ठेवायला शिकव.
हळू.
आवाज न करता.