चौदाव्या ओळीतली माशी

फ्रानेकर गावात, साल सोळाशे एकोणतीस,
सिब्रांडुस हॉटिंगानं चर्मपत्राचं पान खिडकीशी धरलं
आणि चौदाव्या ओळीत, एका अक्षराच्या डोक्यावर
त्याला दिसली एक रेघ.
जिऱ्याच्या दाण्याएवढी.

लॅटिनमध्ये अशी रेघ म्हणजे आपला अनुस्वार.
हात भरून आला की लेखनिक ‘न’ गाळायचा,
वर रेघ ओढून मोकळा व्हायचा.
रेघ धरली तर शब्द होतो आमान्स : प्रेम करणारा.
सोडली तर आमास :
तू प्रेम करतोस.

हॉटिंगानं धरली.

पादुआहून अन्सेल्मो झोर्झेत्तोचं पत्र आलं सात आठवड्यांनी.
खिंडीत भिजलेलं,
वाटेत कुणा शिपायांनी फोडलेलं, आणि फितुरी सापडेना
म्हणून मेण लावून पुन्हा चिकटवलेलं.
झोर्झेत्तोनं तीच पोथी पाहिली होती विशीत,
मठानं ती विकायच्या आधी.
‘महाशय, तो डाग आहे.
तुमच्याकडे धुकं फार, असं ऐकतो.’

मग एकतीस वर्षं.
तळटीपेला तळटीप, पुरवणीला पुरवणी.
एकानं दुसऱ्याला गाढव म्हटलं,
पण विभक्ती चुकू दिली नाही.
हॉटिंगाची बायको बाळंतपणात गेली.
ते झोर्झेत्तोला कळलं एका कंसात,
छंदाच्या मात्रांवरच्या लांबलचक वाक्याच्या मधोमध.
त्या खेपेला त्यानं रेघेचा विषय काढला नाही.
लिंबाच्या सालींचा मुरंबा पाठवला.
पोचेतो त्याला बुरशी आली होती.
हॉटिंगानं वरचा थर काढून खाल्ला,
बोटं पुसली, आणि लिहिलं :
‘डाग कशाला म्हणतात ते मला कळतं, महाशय.’

शेवटचं पत्र भाचीच्या अक्षरात.
‘मला आता रेघ दिसत नाही. पानही दिसत नाही.
तुमचं खरं असेल
असं आज सकाळी वाटलं.
दुपारी वाटेनासं झालं.’

हॉटिंगाचं उत्तर पोचलं तेव्हा
झोर्झेत्तोला पुरून नऊ दिवस झाले होते.
भाचीनं ते फोडलं नाही. परत पाठवलं.
हॉटिंगानंही फोडलं नाही. त्यात काय आहे
हे त्याला ठाऊकच होतं.

परवा लेवार्डनला व्हित्स्के साल्व्हेर्दानं
पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.
भिंगात आला एक पाय,
पायावरचे केस,
आणि पंखाची एक शीर.
कुठल्याशा उन्हाळ्यात, सातशे वर्षांपूर्वी,
जांभई देत कुणीतरी पोथी मिटली असेल,
आत माशी आहे हे न बघता.

आपल्याकडे म्हणतात मक्षिकास्थाने मक्षिका,
आणि हसतात.
ही माशी चार छापखान्यांत शिशात ओतली गेली,
जुळाऱ्यांनी तिच्यासाठी वेगळा खिळा पाडला.
पोरांनी ती पाठ केली,
चुकली म्हणून हातावर छड्या खाल्ल्या.

व्हित्स्केनं तक्त्यात भरलं : ओळ १४, कीटक, अर्धवट.
पुढचा रकाना : काढावा का?
ती कॉफी आणायला गेली.
परत आली, नाही लिहिलं,
आणि पेटीत तळाशी असलेलं ते पत्र
मेण न मोडता दिव्यासमोर धरलं.

तीन घड्या, शाई शाईवर,
अक्षरं उलटी, एकमेकांच्या अंगावर पडलेली.
वाचता येण्याजोगा एकच शब्द,
कडेला, मोठ्या अक्षरात.

आमास.
वर रेघ नाही.

किंवा घडी
नेमकी तिथूनच गेली आहे.