ट्रायलचा ठोकळा

जुलैत साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम बंद.
म्हणून या वेळेला वादी कबीरच्या
हत्यारांच्या दुकानांत आमचीच गर्दी:
पायात सेफ्टी बूट, भुवयांवर सिमेंट,
आणि एसीखाली उभं राहायला काहीतरी निमित्त.

मला मात्र खरंच घ्यायचं आहे.
जुन्याने काल सीबच्या एका व्हिलात जीव सोडला.
आधी वास, मग धूर, मग नुसताच चक गरगर,
आणि मी शिडीवर, अर्ध्या भोकात.

सुकुमारन काउंटरवर तीन मांडतो,
हिरवा, पिवळा, निळा.
अठरा व्होल्ट, ब्रशलेस, टॉर्क इतका,
मिनिटाला ठोके इतके हजार.
आमच्याकडे लग्न ठरताना मानपानाची यादी वाचतात
तसा वाचतो.
मी विचारतो, वजन? बॅटरी लावून?
तो खोका उलटापालटा करतो.
खोक्यावर बॅटरीशिवायचंच असतं, नेहमी.

स्लॅबला कंपनीचा मोठा रोटरी आहे.
हा माझा, माझ्या पैशाचा,
ब्लॉकच्या भिंतींना, स्प्लिटच्या ब्रॅकेटला.
हात डोक्याच्या वर, मान मागे,
तोंड मिटून, कारण सगळी धूळ खालीच येते.

तर एकेक उचलतो
आणि दुकानाच्या छतावर नेम धरून उभा राहतो.
मनात आकडे.
हिरवा: साठाला खांदा कुरकुरतो.
पिवळा: नव्वद, पण मूठ जाड,
कुणा लांब बोटांच्या माणसाच्या मापाची.
निळा: शंभर. एकशे दहा.
‘सलामी देतो काय भाई?’ सुकुमारन हसतो.

आता बॅटरी.
पाच अँपिअरची एक की दोनच्या दोन?
मोठी दुपारपर्यंत टिकते,
पण तिचा भार मनगटच वाहतं, खोका नाही.
आणि व्हॅनमध्ये तापली की
चार्जर तिला घेतच नाही,
लाल दिवा लुकलुकत राहतो रुसलेल्या जावयासारखा.
मी थंडपेटीत ठेवतो, पिशवीत गुंडाळून,
जेवणाच्या डब्याशेजारी.
दोनच्या दोन दे, म्हणतो.

दाराशी ट्रायलचा ठोकळा आहे, काँक्रीटचा.
त्याचं आता वारूळ झालंय.
इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक त्यात आहे, भोकाभोकाने,
कुणाचंच नाव नाही.
एक सोडून.
डाव्या कोपऱ्यातलं, आठ नंबरच्या बिटचं,
जरा तिरकं गेलेलं, ते मुनाफ परकारचं.
मी शेजारी उभा होतो.
त्याने सगळ्यात स्वस्त उचललेला,
बहिणीचं घर स्लॅबपर्यंत आलं होतं तेव्हा.
आठ वर्षं दाबून चालवला, एका हाताने.

आता तो हर्णैला असतो.
फोनवर म्हणतो, झकास चाललंय.
मग फोन भाभीकडे जातो, ती हळूच सांगते,
बशी धरली की अर्धा चहा खाली.

मी निळ्याला बिट लावतो,
चिन्ह हातोडीवर फिरवतो,
परकारच्या भोकापासून दोन बोटं सोडून टेकवतो.
भोक कसं पडतंय ते बघत नाही.
तळहाताला किती कळतंय ते बघतो.
ट्रिगर सोडल्यावर हात
किती वेळ बोलत राहतो, तेही मोजतो.
बोटं गप्प व्हायला पाच आकडे.
हिरव्याला अकरा लागले.

सत्याहत्तर रियाल. घासाघीस. पंचाहत्तर,
वर बिटचा एक सेट.
खिशात गिट्टी सापडते, ती नव्या भोकात ठोकून देतो,
सवयीने.

घरी न्यायचा तसा खोका उघडून बघतो.
ड्रिल. चार्जर. दोन बॅटऱ्या. कुणी न वाचलेलं पुस्तक.
साइड हँडल कुठाय?

‘ते कुणी लावत नाही भाई. सगळे काढून ठेवतात.’

शोध, म्हणतो.

सुकुमारन स्टूल ओढतो, माळ्यावर चढतो,
वरून खोकी सरकल्याचे आवाज येतात.
साडेतीनला दहा मिनिटं आहेत.
बाहेर फोरमनने हॉर्न दिला.

मी थांबतो.