पावणेपाच इंच

फार्मिंग्टनमध्ये दिवसभर मी दात करते.
कुणाचे, ते कधी दिसत नाहीत;
साच्यात येतात, डबीतून जातात.
अर्धा मिलिमीटर उंच राहिला
तर कुठल्याशा गावी कुणीतरी रात्रभर जबडा चोळत बसतं,
एवढं मला कळतं.

तरी चाकं घेतली ती डोळ्यांनी.
काळी, खोलगट, पस्तीस इंची टायर चढवलेली,
जुन्या ट्रकला शोभतील म्हणून.
शोभली. दारात उभी होती तोवर.
पोस्टाच्या चौकात डावीकडे वळले
आणि खर्रर्र.
लोकांनी बघितलं. मी रेडिओ मोठा केला.

व्हर्लिंडा त्सोसीचं गॅरेज ब्लूमफील्डच्या रस्त्याला,
पत्र्याची शेड, दारात कुत्रं, कुत्र्याला नाव नाही.
तिनं काही विचारलं नाही.
चाक उतरवलं, तोंडावर पालथं घातलं,
पाठीवर आडवी पट्टी ठेवली
आणि टेप सोडली खाली,
चाक हबला जिथं टेकतं त्या सपाटीपर्यंत.
टायरचा फुगवटा मनातच वजा केला.
"चार."
मग जुनं चाक. रुंदी तीच.
"सव्वासहा."
टेप खाडकन मिटली.

हे बॅकस्पेसिंग.
कळफलकावरचं नव्हे; ते चूक पुसतं,
हे नुसतं दाखवतं.
आकडा मोठा, तर चाक आत ओढलेलं,
वरच्या आर्मला खेटतं.
आकडा लहान, तर बाहेर,
बाकावर कोपरं काढून बसणाऱ्यासारखं,
आणि वळताना फेरा मोठा घेतं.
माझं सव्वादोन इंच बाहेर.

"पण उभं असताना चार बोटं जागा होती," मी म्हटलं.
आमची म्हणही सांगितली,
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
चांगल्या इंग्रजीत सांगितली, तरी मोडली.
तिनं ऐकून घेतली, चिंधीला हात पुसत.
"पाय पसरून काय मोजतेस?
कूस बदलताना मोज."

मग टायरच्या खांद्याला निळा खडू फासला,
डावं चाक ओंडक्यावर चढवलं,
उजवं लोंबतंय.
"फिरव. अजून. आता दुसरीकडे."
स्टीअरिंग अडेपर्यंत फिरवलं.
वाकून बघितलं तर लायनरच्या मागच्या कोपऱ्यात
निळी रेघ, नखाएवढी रुंद.

मला हसूच आलं.
रोज सकाळी मी साच्याचे जबडे
निळ्या कागदावर मिटवते,
डाग पडेल तिथं घासते.
जबडा बाजूला सरकवूनही बघते, कारण माणूस
नुसता वर-खाली चावत नाही.
हातांना सगळं ठाऊक होतं.
चाकं घेताना हात खिशात होते.

घासून भागायचं नाही, ती म्हणाली.
लायनर कापून मिळेल अर्धा इंच.
चाकंच बदल. पावणेपाच. टायर तेहतीस.
"आणि स्पेसर लावला तर?"
"तो आणखी बाहेर ढकलतो, बाई.
कुठं न्यायचंय चाक, टेक्ससला?"

दुकानदारानं काळी चाकं अर्ध्या किमतीत परत घेतली.
उरलेली अर्धी म्हणजे एकावन्न दातांची मजुरी.
हिशेब मी पार्किंगमध्येच केला,
दोनदा, दुसऱ्यांदाही तेवढाच आला.

रविवारी ग्लेडच्या कोरड्या ओढ्यात
एक चाक खडकावर, एक खड्ड्यात,
स्टीअरिंग टोकापर्यंत, रेडिओ बंद.
वाळू सरकली, तेवढाच आवाज.
उतरून लायनरचा कोपरा चाचपला.
बोटाला पिवळट धूळ.

शेजारून एक पोरगा गेला, पस्तीस इंचीवर,
चाकं अशी बाहेर की सावलीच आधी पोचली.
वळणावर हात हलवला त्यानं.
मीही हलवला.
रेडिओ फार मोठा होता त्याचा.