तारखेची जागा

दिनराज अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता,
आणि माझ्या कॉम्प्युटरवर त्याचा बॅनर
आठव्या दिवशीच तयार होता.
दहा बाय सहा. मागे सुवर्णदुर्गाआड बुडणारा सूर्य,
पुढे तो, चाळीस वर्षांपूर्वीचा, कॉलर उभी.
खाली शोकाकुल: चौदा जण, गोल चौकटींत.
तिघांना गॉगल काढून फोटो पाठवा म्हणून मीच सांगितलं.
फक्त तारखेची जागा मोकळी.

ऑर्डरवाला सनी रघुवीर रोज फोन करायचा,
'आहे का अजून?'
आवाजात काळजी असायची, घाईही असायची,
दोन्ही खऱ्या.

दिनराज हर्णैला कधी आला नव्हता.
एकदा शूटिंगला दापोलीपर्यंत आला, म्हणतात,
आणि तिथूनच मागे फिरला,
मासळीच्या वासानं डोकं दुखतं म्हणून.
तरी बॅनरवर 'आपल्यातून निघून गेले'
असंच लिहायचं असतं.

अकराव्या दिवशी बातमी आली ती ऐन लिलावात.
सुरमई साडेसहाशेवर अडली होती.
कुणीतरी ओरडलं, दोन मिनिटं!
आणि अख्खं बंदर उभं राहिलं.
बैलगाड्या ओल्या वाळूत होत्या तिथं थांबल्या,
दलालाची बोटं हवेत तशीच,
बायांनी डोक्यावरच्या पाट्या उतरवल्या नाहीत.
बर्फ तेवढा वितळत राहिला.
आणि घारी. त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

मीही उभा होतो. मला रडू आलं.
खोटं नव्हतं ते.
बाप गेला तेव्हा मी लाकडं मोजत होतो,
दाखल्याच्या झेरॉक्स काढत होतो,
कोण जेवून जाणार, कोण नाही, विचारत होतो.
तेव्हाची उधारी
कुणाच्या खात्यावर फिटली,
एवढ्या गर्दीत कोण तपासतंय.

रात्री बॅनर मशीनला लावला.
आधी केस आले, मग कपाळ,
शाईचा वास दुकानभर.
डोळ्यांपर्यंत आला असेल,
तेवढ्यात पाजपंढरीची चांगुणा पावसे दारात,
चपला बाहेर काढून, देवळात यावं तशी.
मुठीत मतदार कार्डाची झेरॉक्स.

'माज्या हरेशचा पन लावायचा हाय. ल्हानसा.'

तीन वर्षं झाली. होडी सापडली होती,
केळशीच्या बाजूला, उपडी.
तो नाही.
कागदोपत्री अजून बेपत्ता,
सात वर्षं भरावी लागतात, तोवर
मेला म्हणायची परवानगी नाही.
ती रडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.
आज डोळे सुजलेले होते. दिनराजसाठी,
असं तीच म्हणाली.

'तारीख नसली तं चालंल?'

मी मशीनकडं बघितलं.
तीन दिवस मी एका माणसाची
तारीख मोकळी ठेवली होती,
आणि गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

चालेल, म्हटलं.

फोटो मोठा केला तर नुसते चौकोन झाले,
करडे, काळे, कुठंच नाक नाही.
ती स्क्रीनपासून मागे सरकत गेली,
उंबऱ्यापर्यंत, मग पायरीखाली,
मग रस्त्यावर, अनवाणी,
आणि तिथून म्हणाली, 'हां. त्योच.'

खाली काय लिहू?
भावपूर्ण श्रद्धांजली नको म्हणाली.
'वाट बघतो' पण नको, लोकं हसतील.
बराच वेळ मशीनच बोलत राहिलं.
'होडीचं नाव टाक,' म्हणाली.

दर्यासावली.
मी ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं.

पैसे तिनं मोजून दिले, दमट नोटा,
आणि जाताना दिनराजकडं बोट केलं.
तो आता हनुवटीपर्यंत उतरला होता.
'ह्याचं तेरावं झालं की
कापड मला ठेव हां.
जाड हाय.
सुकट वाळवाया बरं.'