दीड इंच माया

गाडीला आता बाईमाणसाला पैसे पडत नाहीत.
कंडक्टर आधार बघतो, शून्याचं तिकीट देतो.
जांबोटीपासून बेळगावपर्यंत
ते शून्य मुठीत धरून बसलो.
(बसलो. आमच्याकडं बायकाबी असंच बोलतात.
अर्जात फुली बाईच्याच चौकोनात आहे.)

अर्ज महांतेशनं भरला,
नाडकचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात.
सगळा कानडी. मला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.
आडनाव घाडी, त्यानं 'गाडी' लिहिलं.
खोडायला लावलं. पायानं अधू बाई, आणि आडनाव गाडी!
मग एका ओळीवर बोट ठेवून वाचला, "विकलचेतन."
म्हटलं, हा चेतन कोण?
"नीवे, अक्का," तो म्हणाला. "तुम्हीच की."

सिव्हिलमध्ये माझा नंबर एकोणसाठ.
आत कुणाच्या तरी पोराच्या पाठीमागं
ताट आपटून बघत होते.
पोरगं दचकत नव्हतं म्हणे.
बाहेर बाकावर आम्ही सगळे दचकत होतो.

डॉक्टर कवळा पोरगा. पिवळी टेप, अजून घडी न मोडलेली.
मांडीला लावली, उजव्या, मग डाव्या,
एकीला वर, एकीला खाली.

अठ्ठावीस वर्षं मी मापं घेतो.
दंड, छाती, मुंढा, गळा पुढचा, गळा मागचा,
कानडी बायकांचं उद्द, मराठी बायकांची उंची,
पोटुशीचं, बाळंतिणीचं,
आणि एकच बाजू उरलेल्या शेवंताचं,
जिचा ब्लाउज आत कापूस भरून असा बेतला
की भाचीच्या लग्नात कुणाला कळलं नाही.
माप मी कधी मोठ्यानं सांगत नाही.
वहीत लिहितो, वही मिटतो.

हा ओरडला पलीकडच्या टेबलाला,
"मूवत्तेंटु!"

अडतीस.
चाळीस लागतात.

ज्यानं कुणी हे कापड बेतलं
त्यानं शिवणीत माया ठेवलेली नव्हती.
आम्ही ठेवतो. दीड इंच, दोन्ही अंगाला.
बाई सुटते, वाळते, आजारातनं उठते,
उसवून सोडता आलं पाहिजे की नको?

म्हटलं, "टेप ढिली धरलीस, बाळा.
वाटीपासनं वर चार बोटं मोज, खूण कर,
दोन्हीकडं तिथंच लाव.
आणि शून्य पत्र्याच्या टोकाला असतंय, पत्र्याच्या आत नाही."

त्याला मराठी कळलं का माझा हात कळला, देव जाणे.
टेप माझ्याकडं दिली.

लोकांची मापं घेण्यात जन्म गेला.
माझे ब्लाउज मी अंदाजानं शिवतो.
हे माप कधी घेतलंच नव्हतं.
उजवी साडेसतरा.
डावी सव्वाअकरा.
सव्वाअकरा म्हणजे
कॉलेजच्या बारीक पोरीच्या बाहीचा घेर.

मी गप्प राहिलो.
त्यानं वाकून टेपेवरचा आकडा स्वतःच वाचला,
हळू, नुसते ओठ हलवून,
आणि कागदावर आधीचं खोडलं.
पुढं काय लिहिलं ते हाताखाली झाकलेलं.
"पंधरा दिवसांनी या. राशन कार्डाची झेरॉक्स आणा."
"आणलीय की."
"अजून एक आणा."

परत येताना खिडकी मिळाली.
मशीनवर दोन फॉल, एक परकर तसाच पडलेला.
उजवा पाय पायट्यावर टाकला.
डावा शेजारी,
पोराला कामावर नेल्यासारखा, नुसता बसवलेला.

फॉल झाल्यावर वही काढली.
गिऱ्हाइकांची पानं सोडून पार मागं
लिहिलं: साडेसतरा. सव्वाअकरा.
नाव घातलं नाही.
पुढं मायेचा रकाना असतो.
तिथं काय घालावं ते ठरायच्या आत
लाईट गेली.